मिरजेचा तंबोरा साठीनंतर घ्यायचा तर कुठला?

निवृत्तीनंतर गाणं शिकायला बसलेल्यांनी तंबोरा घ्यावा का? घरातलं किंवा शेजारचं आणखी एक माणूस रोज अर्धा तास सोबत बसणार असेल तर जरूर घ्यावा. तसं कोणी नसेल तर तंबोऱ्याचा सूर देणारी इलेक्ट्रॉनिक डबी आणावी आणि पैसे वाचवावेत. उत्तर जरा विचित्र वाटेल, कारण दुकानात सगळी बोलणी चालतात ती भोपळ्याच्या घेराची, नक्षीची आणि पॉलिशची. पण शिकाऊ माणसाला तारा छेडत स्वतःच गाणं पहिली दोन वर्षं तरी जड जातं. एक तर बोटं गाण्यामागे धावतात, नाहीतर गाणं बोटांमागे. नुसत्या तारा छेडायला मात्र ना राग यावा लागतो, ना ताल. नातू, सूनबाई, कट्ट्यावरचा मित्र, कोणीही दहा मिनिटांत शिकतं. ज्याला गाता येत नाही त्यालाही गाण्यात बसवून घेणारं दुसरं वाद्य आपल्याकडे शोधावं लागेल.

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाची सोय अशी की हे वाद्य जिथं बनतं ते गाव फार लांब नाही. हत्यारांना धार लावणारी मिरजेतली शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या काळात तंतुवाद्यांकडे वळली आणि फरीदसाहेबांपासून 'सतारमेकर' हे आडनावच होऊन बसलं. आज सतारमेकर गल्लीत शिरलं की उंबऱ्याशी वाळत ठेवलेले भोपळे आणि रंधा मारलेल्या दांड्या दिसतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकनामुळे तंबोरा जास्त चांगला वाजतो असं नव्हे. पण वाद्य बनवणारा कारागीरच दुरुस्तीसाठी जवळ असणं, ही मोठी सोय आहे. खरं तर पैसे त्याचेच मोजायचे.

आता मापं. दुकानात सरळ 'जेंट्स' आणि 'लेडीज' असे दोन प्रकार सांगतात. जेंट्स तंबोरा उभा केला की साडेचार-पाच फूट भरतो, तो काळी एक-दोनच्या आसपासच्या सुरासाठी (म्हणजे पेटीच्या त्या पट्टीवर ज्याचा सा लागतो त्याच्यासाठी). लेडीज त्याहून आखूड, भोपळाही लहान, आणि तो काळी चार-पाचसाठी. साठीनंतरच्या गिऱ्हाइकाची पहिली चूक इथंच होते. वयानुसार बहुतेक बायकांचा आवाज खाली उतरतो. कॉलेजात काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाई आता पांढरी चारमध्ये सुखानं गातात, आणि दुकानातून मात्र 'लेडीज' म्हणून काळी पाचचा तंबोरा घेऊन येतात. तो पांढरी चारला उतरवला की तारा ढिल्या पडतात, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार तबलीवर (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पाटीवर) लोळल्यासारखी वाजते आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बोलतच नाही. जाड तारा चढवून एखाद-दुसऱ्या स्वराचं अंतर भरून निघतं, त्यापुढं नाही. उलट प्रकारही होतो: मोठ्या तंबोऱ्याला ओढून वर चढवलं की जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, पोलादी तारा आठवड्याला तुटतात.

म्हणून मिरजेला जाण्याआधी पेटीवर आपला सा शोधावा. पद्धत सोपी आहे. आरामात गाता येईल असा सा धरायचा, खाली मंद्र सप्तकातला पंचम स्पष्ट लागतो का आणि वरच्या सप्तकातल्या तार षड्जाला गळा न ताणता पोचता येतं का, हे पाहायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं आठवडाभर करून जो सूर टिकतो तो कागदावर लिहून न्यायचा. सकाळी उठल्या उठल्या लागलेल्या सुरावर भरवसा ठेवू नये, तेव्हा आवाज नेहमीपेक्षा खाली असतो. दुकानात 'पांढरी चारला लावून दाखवा' म्हटलं की कारागीर स्वतःच मधल्या मापाचा तंबोरा पुढं करतो. कागद नसला तर समोर असलेला तंबोरा पुढं येतो.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू जातीचा, खायच्या उपयोगाचा नसतो. वेलावर पिकून वाळलेला भोपळा कापायचा, पाण्यात भिजवून आतून काटक्यांनी ताणत आकाराला आणायचा, पुन्हा वाळवायचा, मग त्याला तुनाच्या लाकडाचा गळा, दांडी आणि वर तबली. घेर इंचात सांगतात. मोठा घेर म्हणजे मोठा आवाज हे ढोबळमानानं खरं, पण टू बीएचके फ्लॅटच्या खोलीत तो आवाज घेऊन करायचं काय? मध्यम घेराचा, जाड सालीचा भोपळा या वयाला बरा. बोटाच्या पेरानं हलके टिचकी मारत सगळीकडून फिरावं. आवाज सगळीकडे सारखा, कोरडा, भरीव यायला हवा. एखाद्या जागी 'फट्ट' असा मेलेला आवाज आला तर तिथं आतून तडा किंवा पातळ जागा आहे. गळा आणि भोपळा जिथं जुळतो त्या सांध्यावर लाखेची रेघ जाड दिसली, तर ती शोभेची आहे की भेग बुजवलेली, हे सरळ विचारावं. नक्षीकामाला, पानाफुलांच्या पट्टीला पैसे देऊ नयेत. पूर्वी ते हस्तिदंती असायचं, आता प्लॅस्टिकचं असतं, आणि दोन्हीनं आवाजात तसूभर फरक पडत नाही.

दांडीच्या टोकाला डोळा लावून बंदुकीच्या नळीतून पाहावं तसं खाली बघावं. दांडी किंचित जरी वाकलेली असली तरी दोन पावसाळ्यांत ती आणखी वाकणार. खुंट्या चारही फिरवून पाहाव्यात: कचकच न करता फिरायला हव्यात आणि सोडल्या जागी थांबायला हव्यात. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांनी इथं जास्त वेळ घालवावा. लाकडी खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवावी लागते, आणि सुजलेल्या अंगठ्याला तेच जमत नाही. गिटारीसारख्या दातेरी मशीनच्या खुंट्या लावून घेता येतात, ऑर्डर देताना सांगावं लागतं. जुने गवई नाक मुरडतील. वरचं टोक थोडं जड होतं हेही खरं. तरीही दुखऱ्या हातांसाठी आम्ही म्हणू, बिनदिक्कत लावा. जुळवायला त्रास होतो म्हणून कोपऱ्यात उभा राहिलेला अस्सल तंबोरा काय कामाचा?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जवारी. तारा ज्यावरून जातात त्या घोडीची वरची बाजू सपाट नसते, तिला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, त्यातून तो मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा झंकार निघतो आणि वरचे उपस्वर फुलून येतात. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुती दोरा, सूत म्हणतात त्याला, हा टेकण्याचा बिंदू ठरवतो. जवारी फार 'उघडी' असली की आवाज चरचरतो, 'बंद' असली की लाकडावर तार मारल्यासारखा ठक्क येतो. हाडाची घोडी जास्त टिकते, लाकडाची लवकर घासते आणि आवाज मऊ देते. आजकाल कृत्रिम मालाच्याही येतात, आणि मध्यम रियाजाला त्या चालतात.

जवारी निवडताना वयाचा एक घोटाळा होतो. म्हातारपणी आधी कमी होतात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज, आणि जवारीचा सगळा रंग तर तिथंच असतो. त्यामुळे आजोबांना बेताची जवारी बंद वाटते, ते 'अजून उघडा, अजून उघडा' म्हणत राहतात, कारागीर कानस मारत राहतो, आणि घरी आल्यावर बाकीच्यांना रोज पहाटे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकावं लागतं. दुकानात जाताना तिशीच्या आतला एक कान सोबत न्यावा. नातवंड असेल तर उत्तम, त्याच निमित्तानं तेही तंबोऱ्याला हात लावतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. यंत्रातली शिट्टी दाबणारी सोय लांब, अखंड सुरालाच शिट्टी समजते आणि तो सूर थरथरता किंवा बेसूर ऐकू येतो. मग माणूस तंबोऱ्याला दोष देतो. तपासणी करणाऱ्याकडून यंत्रात म्युझिक प्रोग्रॅम बसवून घ्यावा, मगच खरेदीला निघावं.

जुना तंबोरा मिळत असेल तर त्यावर फुली मारू नका. वीस-तीस वर्षं वाळलेलं लाकूड स्थिर झालेलं असतं, दांडी वाकायची असती तर एव्हाना वाकलीच असती. नवी घोडी, नव्या तारा आणि खुंट्यांची डागडुजी करून घेतली की बऱ्याचदा तो नव्यापेक्षा सरस वाजतो. फक्त भोपळ्याला भुंगा लागलेला नको. आतून बारीक पिवळट भुकटी गळते का, हे तंबोरा पालथा धरून पांढऱ्या कापडावर झटकून पाहावं.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न बसण्याचा. परंपरेनं मांडी घालून, भोपळा जमिनीला किंवा मांडीला टेकवून, दांडी खांद्याशी उभी. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्याला हे शक्य नाही, आणि गरजही नाही. बिनहाताच्या खुर्चीवर बसावं, उजवीकडे खुर्चीच्या बैठकीहून वीतभर खाली राहील असा पाट किंवा स्टूल ठेवावं आणि त्यावर जुन्या नऊवारीची घट्ट चुंबळ. भोपळा चुंबळीत बसला की घसरत नाही आणि घरंगळतही नाही. हंड्याखालची चुंबळ या कामाला विकतच्या स्टँडपेक्षा बरी, कारण ती भोपळ्याच्या आकाराप्रमाणे दबते. स्टुलाचे पाय फरशीवर सरकू नयेत म्हणून खाली पायपुसणं हवं. दुसरी पद्धत आणखी सोपी: तंबोरा दिवाणावर गादीवर आडवा निजवायचा, भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावायच्या, आणि छेडणाऱ्यानं शेजारी खुर्ची टाकून बसायचं. आवाज थोडा दबतो, पण खांद्यावर भार येत नाही आणि अर्धांगवायूतून उठलेल्या माणसालाही एका हातानं छेडता येतं.

छेडण्याचा क्रम पहिल्या तारेपासून चौथ्यापर्यंत: पंचम, जोडाचे दोन षड्ज, मग खर्ज. पहिली तार मधल्या बोटानं, उरलेल्या तीन तर्जनीनं. नख लागू द्यायचं नाही, बोटाच्या पेराची मऊ कड तारेवरून ओढल्यासारखी न्यायची आणि सोडायची. तारेच्या साधारण मध्यावर छेडलं की आवाज गोल येतो, घोडीजवळ छेडलं की टणक. चौथ्या तारेला अंमळ जास्त वेळ द्यायचा, म्हणजे खर्ज विरायच्या आत पंचम पुन्हा येतो. एक फेरा चार-पाच सेकंदांचा ठेवावा. नवख्यांची नेमकी चूक सांगायची तर, गाणं द्रुत झालं की हातही द्रुत होतो. तंबोरा तबल्याच्या ठेक्याशी बांधायचा नसतो. गाणं कुठंही जावो, छेडणारा आपल्या चालीनं चालतो. नातवाला हे शिकवायला 'झोपाळा गाण्याबरोबर पळत नाही' एवढं सांगितलं तरी पुरतं. मधुमेहामुळे बोटांना मुंग्या येतात किंवा बधिरता आहे अशांनी वीस मिनिटांनी बोटाची कड डोळ्यांनी तपासावी. पोलादी तार कापत नाही, पण न जाणवलेला फोड चिघळतो.

तार जुळवणं हा या वाद्याचा खरा खर्च आहे, आणि तो वेळेत मोजायचा. पहिले तीन महिने जुळवायलाच पंधरा मिनिटं जातील हे धरून चालावं. पेटीवर सा धरायचा आणि आधी जोडातली एक तार त्याला मिळवायची. मग पेटी बंद. जोडातली दुसरी तार पहिलीशी मिळवायची, पेटीशी नव्हे. दोन्ही एकत्र छेडल्या की आवाजात 'वाँव… वाँव…' अशी लाट येते. सूर जवळ येईल तशी लाट लांबत जाते आणि जुळला की थांबते. ही लाट ऐकायला शिकलं की निम्मं काम झालं. त्यानंतर खर्ज, शेवटी पंचम. मालकंस किंवा बागेश्री गायचा असेल तर पहिली तार मध्यमाला, मारवा-पूरियाला निषादावर. खुंटीनं साधारण जवळ आणायचं आणि उरलेला केसभर फरक घोडीच्या मागच्या मण्यांनी काढायचा: मणी तळाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मणी आधीच एका टोकाला जाऊन बसलेला असेल तर तो मध्यावर आणून खुंटीपासून पुन्हा सुरुवात करावी, नाहीतर ऐन गाण्यात सरकवायला जागा उरत नाही.

सूर मिळाल्यावर सूत. तारेखालचा दोरा दोन्ही टोकांनी धरून तांदळाच्या दाण्याएवढा पुढं, मग मागं सरकवत एकाच तारेला छेडत राहायचं. एका नेमक्या जागी आवाज अचानक उघडतो, जणू खोलीत खिडकी उघडली. दोरा त्या जागेच्या पुढंमागं गेला की आवाज पुन्हा मिटतो. जुळलेल्या तंबोऱ्याची खूण खर्जात असते: खर्जाची तार एकटी छेडून शांत ऐकलं तर तिच्यातून गंधार निघताना ऐकू येतो, कोणी न वाजवलेला. तो ऐकू येईपर्यंत गायला बसू नये. दोऱ्याला शिवणाच्या सुती दोऱ्याचा एक पदर पुरतो, टेरिकॉटचा दोरा घसरतो. आणि घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवावं की हे दोरे कचरा नव्हेत. दिवाळीच्या साफसफाईत चारही दोरे ओढून काढलेले तंबोरे दरवर्षी 'आवाज गेला' म्हणून दुरुस्तीला येतात.

खुंटी घसरत असेल तर ती बाहेर काढून तिच्या गोल भागाला फळ्यावरचा खडू घासावा. तेल किंवा मेण अजिबात नको. सांगलीकडे एप्रिल-मे महिन्यांत लाकूड आटतं आणि खुंट्या सटासट सुटतात, जुलैत तेच लाकूड फुगून त्या अडकतात. अडकलेली खुंटी पकडीनं फिरवू नये, दांडीचं भोक फाटतं. दोन-चार दिवस कोरड्या खोलीत तंबोरा ठेवला की बहुधा सुटते.

आता पर्याय. चपटी तंबोरी, म्हणजे भोपळ्याऐवजी लाकडी पेटीसारखं अंग असलेली, तीन-साडेतीन फुटांची, प्रवासाला आणि लहान घराला सोयीची. पडली तरी फुटत नाही. जवारी तिलाही चांगली लागते, पण खर्ज पोकळ वाटतो. बायकांच्या वरच्या सुराला ती पुरुषांपेक्षा जास्त साथ देते. चार मैत्रिणी आळीपाळीनं एकमेकींच्या घरी जमत असतील तर तंबोरीच घ्यावी, मोठा तंबोरा जिन्यातून वरखाली नेणं या वयात शहाणपणाचं नाही. इलेक्ट्रॉनिक डबीचा फायदा उघड आहे. बटण फिरवलं की सूर लागतो, हात दुखत नाही, वीज गेली तर बॅटरी आहे. तोटा लहान स्पीकरचा: खर्ज त्यातून नीट येतच नाही, आणि कान शिकतो तो अर्धाच सूर. ती डबी घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडली तर बरीच सुधारते. मोबाइलवरचं ॲप फुकटात मिळतं आणि आवाजही कधी कधी डबीपेक्षा चांगला असतो. फक्त आलापात मुलीचा फोन आला की तंबोरा थांबतो. रियाजापुरता विमान मोड लावावा.

वारकरी भजनी मंडळासाठी तंबोरा घेऊ नका, हे स्पष्ट सांगायला हवं. पखवाज, पेटी आणि वीस जणांचे टाळ यांच्यात तो ऐकूच येत नाही. तिथं वीणा आहे आणि ती पुरे आहे. तंबोऱ्याची जागा चार-सहा जणांच्या बैठकीत: अभंग, भावगीत, नाट्यपद. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवलं तेव्हापासून हे गाव नाट्यपंढरी, आणि सांगलीत जुनी नाट्यपदं येत नाहीत असा सत्तरीचा माणूस दुर्मीळच. अशा बैठकीत एक जण गातो, एक पेटी धरतो, एक तंबोरा छेडतो, चौथा चहा ठेवतो, आणि दर पंधरा मिनिटांनी जागा बदलतात. तंबोऱ्याची पाळी आलेल्याला गावं लागत नाही, म्हणून गळा बसलेली, दमेकरी आणि लाजाळू माणसंही बैठकीत टिकतात. पेटीवाल्याला एकच ताकीद: पेटीचा सा तंबोऱ्याशी जुळत नसेल तर तंबोरा पेटीला मिळवायचा, पेटी हलत नाही.

शिकण्याला काही शिस्त हवी असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण आणि पुढं मध्यमा, विशारद. मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे. ज्यांना परीक्षेचा धसका आहे त्यांनी तिकडं फिरकू नये. घेण्याआधी चांगला जुळलेला तंबोरा ऐकायचा असेल तर मिरजेतल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरसातली संगीत सभा गाठावी. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गवई हजेरी लावतात. तिथं गायकाकडे न बघता मागं बसलेल्या तंबोऱ्यावाल्यांच्या बोटांकडे तासभर बघितलं तर वर लिहिलेलं सगळं डोळ्यांसमोर दिसतं.

निगा फार नाही, पण नेमकी आहे. तंबोरा भिंतीच्या कोपऱ्यात नुसता उभा ठेवू नये. फरशी पुसताना काठी लागून कोसळलेले तंबोरे हेच दुरुस्तीवाल्याचं मुख्य उत्पन्न. भिंतीला खुंटी मारून दांडीच्या टोकाला कापडी फास अडकवावा आणि भोपळा खाली चुंबळीवर टेकवावा, किंवा सरळ पलंगावर आडवा ठेवावा. भोपळा फुटला तरी रडू नये: तुकडे जपून एका पिशवीत भरून न्यावेत, एकही टाकू नये. कारागीर ते सरसानं जोडून आतून कापड लावतो, आणि आवाज बहुतेक परत येतो. पाणी मात्र त्याला सोसत नाही. भिजलेला भोपळा मऊ पडतो आणि सांधे सुटतात. २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगलीच्या गावभागातल्या घरांनी तंबोरा वरच्या मजल्यावरच ठेवावा, आणि खाली एकच मजला असेल तर माळ्यावर जागा करावी. महिनाभर मुलाकडे पुण्याला जायचं असेल तर चारही तारा दोन-तीन स्वर उतरवून जावं. रोज उतरवण्याची गरज नाही.

घोडीवर तारांच्या चऱ्या पडल्या आणि दोरा कितीही सरकवला तरी आवाज उघडेनासा झाला की जवारी काढायची, म्हणजे घोडी कारागिराकडून पुन्हा घासून घ्यायची, वेळ झाली. रोजच्या रियाजात ती वर्ष-दोन वर्षांनी येते. काच-कागद आणून घरी घासायचा मोह आवरावा: चूक झाली तर घोडीच बदलावी लागते. मिरजेला नेताना आपला सा पुन्हा कागदावर लिहून न्यावा, कारण जवारी सुरासाठी काढली जाते, आणि गेल्या दोन वर्षांत तुमचा आवाज अर्धा स्वर उतरलेला असू शकतो. तंबोरा गवसणीत घालून, भोपळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून न्यावा. साताऱ्या-कराडकडून येणाऱ्यांना एसटीपेक्षा रेल्वे बरी: पुणे-मिरज मार्गावरची गाडी थेट मिरज जंक्शनला सोडते आणि खिडकीच्या बाकावर तंबोरा आडवा राहतो. एसटीत तो टपावर किंवा डिकीत देऊ नये, कंडक्टरनं कितीही समजावलं तरी. दोघं असाल तर एकानं भोपळा मांडीवर घ्यावा, दुसऱ्यानं दांडी सांभाळावी. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी गेलात तर गल्लीत गर्दी असते आणि काम घाईत होतं. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी, कारागीर निवांत, आणि जवारी निघेपर्यंत समोर बसून ऐकायला मिळतं.